नीळकंठरावांच्या हातचं घर

मोताळ्यात नीळकंठ पाठकांचं घर शोधायला त्रास होत नाही. बुलढाणा रोडवरून आत वळलं की रज्जाकभाईंचं जनावरांच्या सरकी-ढेपेचं दुकान लागतं आणि त्याला लागूनच पाठकांचं फाटक. त्रास व्हायचा तो फाटक उघडताना. ते आधी थोडं वर उचलायचं आणि मग गुडघ्यानं ढकलायचं. नव्या माणसाला हे ठाऊक नसे, म्हणून तो बाहेर उभा राहून हाक मारी. नीळकंठराव आतून येत, फाटक कसं उघडायचं ते त्याला समजावून सांगत आणि सांगून झाल्यावर स्वतःच उघडत.

ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीत असतानाच त्यांनी हे घर बांधलं. बांधकाम संपलं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ सोडला की पाणी न्हाणीघरात यायचं. ज्यानं पाइप बसवले होते तो तोवर दुसऱ्या गावी कामाला लागला होता. नीळकंठरावांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः भिंत फोडली, पाइप काढून पुन्हा जोडले आणि पाणी जिथल्या तिथे आणलं. त्या दिवसापासून या घराला त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. यात कंजूषपणा नव्हता. लागेल ती वस्तू ते चांगल्यातली आणत. परक्या माणसानं आपल्या भिंतीत पेचकस घातलेला त्यांना बघवत नसे, एवढंच.

त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू चालू होती. ती चालवता येणारा माणूस मात्र एकच होता.

पाण्याची मोटर लावायची तर आधी न्हाणीघरातला दिवा लावावा लागे, कारण मोटरची वायर त्यांनी तिथून घेतली होती. पाण्याच्या पाइपला दोन कॉक होते. त्यातला एक उलटा बसला होता, म्हणून तो बंद केला की उघडायचा. कूलर बटण दाबल्यावर नुसता गुणगुणत राही. जाळीतून काडी घालून पात्याला ढकललं की मग फिरे. स्कूटर डावीकडे पुरती आडवी करून पुन्हा उभी केल्याशिवाय सुरू होत नसे. मुलगा आल्हाद नागपूरला नोकरीला होता. तो दिवाळीला आला की हातपाय धुण्याआधी विचारी, "बाबा, यंदा काय काय बदललं?" मग नीळकंठराव त्याला घरभर फिरवून आणत.

शारदाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, यातलं निम्मं शिकून घेतलं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी त्या "अहो" म्हणत. "अहो" म्हटलं की नीळकंठराव पेचकस घेऊन येत. कोणती वस्तू ते विचारावंही लागत नसे.

नीळकंठराव पडले ते हिवाळ्यात. टाकी धुवायला ते शिडीनं गच्चीवरच्या माळ्यावर चढले होते. शिडी त्यांनीच बनवलेली. तिची एक पायरी कित्येक वर्षांपूर्वी मोडली होती आणि तेवढी सोडून चढायची-उतरायची त्यांना सवय होती. त्याच आठवड्यात त्यांनी ती पायरी नवी बसवली. उतरताना पाय नेहमीसारखा ती पायरी सोडून खाली जायला गेला. मध्ये पायरी होती.

आवाज ऐकून शारदाताई गच्चीवर धावल्या. नीळकंठराव फरशीवर आडवे होते आणि एक पाय भलत्याच दिशेला होता.

"तुम्ही उठू नका," शारदाताई म्हणाल्या.

"उठता येऊन राह्यलं नाही," ते म्हणाले. "टाकीचं झाकण लावलं नाही मी. ते आधी लाव."

शारदाताईंनी झाकण लावलं नाही. त्यांनी कठड्यावरून रज्जाकभाईंना हाक मारली. रज्जाकभाई दुकानातल्या दोन हमालांना घेऊन वर आले. सगळ्यांनी मिळून नीळकंठरावांना फळीवर घेतलं आणि खाली आणलं. अॅम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. रज्जाकभाईंचा माल वाहायचा ऑटो ढेपेची पोती घेऊन देऊळघाटला गेलेला. राहिली नीळकंठरावांची गाडी. ही पांढरी मोटार त्यांनी निवृत्तीच्या वेळी कोणाची तरी वापरलेली घेतली होती आणि तीही त्यांच्या हातची झाली होती.

त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. शारदाताई पुढे बसल्या. रज्जाकभाईंनी चावी फिरवली. काही झालं नाही.

"आधी वायपर लावा," मागून नीळकंठराव म्हणाले.

"पाऊस कुठं आहे, भाऊ?"

"लावा अन् बंद करा. मग चावी फिरवा."

रज्जाकभाईंनी तसं केलं. गाडी सुरू झाली. वळणावर म्हैस उभी होती.

"हॉर्न कुठं आहे हिचा?"

"खाली. गुडघ्यापाशी."

तिथे दारावरच्या घंटीचं बटण होतं. रज्जाकभाईंनी ते दाबलं आणि हॉर्न वाजला. म्हैस बाजूला झाली.

राजूर घाटाच्या पायथ्याशी नीळकंठरावांनी डोळे मिटले होते. शारदाताईंना वाटलं, बेशुद्ध पडले. पण गाडी चढाला लागली तसे ते म्हणाले, "आता दुसरा गिअर टाकसान, तो हातानं धरून ठेवा. सोडला की सुटते."

"अन् स्टेअरिंग कोण फिरवणार?"

एरवी या प्रश्नाचं उत्तर नीळकंठराव स्वतःच्या दोन हातांनी देत असत.

"शारदा, तू धर," ते म्हणाले.

अशा रीतीनं शारदाताईंनी अख्खा घाट गिअरचा दांडा धरून पार केला. रज्जाकभाई मध्येच म्हणत, "भाभी, सोडा," मग गिअर बदलून म्हणत, "भाभी, धरा." एकदा घाम आला म्हणून शारदाताईंचा हात निसटला आणि गाडी मधोमध नुसतीच घुरघुरत थांबली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. रज्जाकभाईंनी हँडब्रेक ओढला.

"तो नाही लागत," मागून आवाज आला. "पायानं दाबा."

बुलढाण्याला दवाखान्याच्या दारात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. मागचं दार उघडेना. त्यांनी ओढलं, धक्के दिले.

"ते आतून उघडते," नीळकंठराव म्हणाले आणि दात आवळून, हात लांब करून, त्यांनी स्वतःच दार उघडलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि आत रॉड बसवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा नीळकंठरावांनी रॉड कोणत्या बाजूनं घातला, स्क्रू कुठे कुठे मारले आणि ते ढिले झाले तर काय करायचं, हे सगळं विचारून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं. नीळकंठरावांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आल्हाद येऊन गेला, रजा संपली तसा परत गेला. नीळकंठरावांची खाट पुढच्या खोलीत टाकली. पाय टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिले काही दिवस घर खाटेवरून चाललं. शारदाताई न्हाणीघरातून विचारत, नीळकंठराव पुढच्या खोलीतून सांगत. "उजवीकडचा नाही, त्याच्या मागचा." "दोनदा दाब, थांब, मग एकदा." शारदाताई तसं करत आणि घर चाले.

मोताळ्यात नळ रोज येत नाहीत. कधी येतील हेही कोणी सांगत नाही. त्या दिवशी दुपारी नीळकंठराव दुखण्याची गोळी घेऊन झोपले होते. बरेच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली होती. बाहेर गल्लीत बायकांची लगबग ऐकू आली आणि शारदाताईंना कळलं की नळ आले. त्या खाटेपाशी गेल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना उठवलं नाही.

त्यांनी दिवा लावला. मोटर लावली. मोटर चालू झाली. मग त्यांनी एक कॉक उघडला आणि एक बंद केला. उलटा कोणता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. ते चुकीचं आठवत होतं. वर पाणी चढायच्या ऐवजी वरच्या टाकीतलं होतं नव्हतं ते सगळं खाली आलं, नळाचं पाणीही त्यात मिळालं आणि अंगणातून वाहत रज्जाकभाईंच्या गोदामात शिरलं. ढेपेची खालची पोती भिजली. लक्षात येईपर्यंत नळ गेले होते.

रज्जाकभाईंनी पोती उन्हात पसरली. "वाळते ते, भाभी. जनावरं काय विचारून खातात?" एवढंच ते म्हणाले. त्यांची बायको सरवरी दोन हंडे पाणी घेऊन आली. शारदाताई पायरीवर बसल्या होत्या, पदर ओला होता.

सरवरीनं हंडे आत नेऊन ठेवले आणि त्यांच्याजवळ बसली. "एक बोलू का, भाभी? राग नका मानू. तुम्ही या घरात पाहुण्यासारख्या राह्यता. कशालेही हात लावायच्या आधी विचारता."

शारदाताईंना राग आला नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हाव."

नीळकंठराव जागे झाल्यावर त्यांना सगळं कळलं. "मागचा कॉक उलटा आहे, हे मी सांगितलं होतं तुले," ते म्हणाले.

"हाव, सांगितलं होतं," शारदाताई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिंमतरावाला बोलावलं.

हिंमतराव नळाची आणि लाइटची दोन्ही कामं करतो. तो फाटकापाशी उभा राहून हाका मारत होता, त्याला शारदाताईंनी आत घेतलं. न्हाणीघरात जाऊन तो बराच वेळ वर, खाली, पाइपाकडे, वायरकडे पाहत राहिला.

"हे कोनं केलं?" त्यानं विचारलं.

"पुढच्या खोलीत आहेत. विचारायचं असलं तर विचारा."

"नाही, विचारत नाही," हिंमतराव म्हणाला आणि पिशवीतून हातोडा काढला.

पहिल्या घावाला नीळकंठरावांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली. "शारदा. काय तोडून राह्यला तो?"

"भिंत."

"कोणती?"

"तुम्ही तोडली होती तीच."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पाय उठला नाही. त्यांनी आल्हादला फोन लावला. आल्हादनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं, बाबा." नीळकंठरावांनी फोन ठेवला आणि मग ते कोणाशीच बोलेनासे झाले. घावांचा आवाज आला की डोळे मिटून पडत. वेळेवर जेवत, गोळ्या घेत, ताट परत देत. पण "अहो" म्हटलं तरी भिंतीकडे बघत राहत.

कॉक बदलले. मोटरला स्वतःचं बटण आलं. फाटकाच्या बिजागऱ्या बदलल्या आणि ते एका बोटानं उघडू लागलं, त्यामुळे गल्लीतली कुत्री आत येऊ लागली. मग त्याला कडी लावून घेतली. स्कूटर दुरुस्तीला गेली आणि उभ्या उभ्या सुरू होऊ लागली. शेवटी रज्जाकभाई गाडी मलकापूरच्या गॅरेजला घेऊन गेले. ती तिथे पुष्कळ दिवस राहिली. गॅरेजवाल्यानं मध्ये एकदा फोन करून विचारलं की घंटीचं बटण ठेवायचं का. शारदाताई नको म्हणाल्या.

एका संध्याकाळी दारासमोर मोटार थांबली.

"कोणी तरी आलं वाटते," नीळकंठराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनंतरचं त्यांचं हे पहिलं बोलणं होतं.

"आपलीच गाडी आहे," शारदाताई म्हणाल्या.

नीळकंठरावांनी खिडकीतून पाहिलं. रज्जाकभाई बाहेरून मागचं दार उघडून आतली पिशवी काढत होते. "आवाज ओळखू आला नाही मले," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

शारदाताई गॅस बंद करून आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"तुम्ही पडले त्या दिवशी मले भीती वाटली," त्या म्हणाल्या.

"पाय काही एवढा मोठा नव्हता मोडला."

"पायाची नाही. घाटात तो दांडा धरून बसले होते मी, तवा मनात आलं, हे गेले तर मी घरी जाऊन काय करू? फक्त फाटक तेवढं उघडता येते मले."

बाहेर रज्जाकभाई कोणाला तरी गाडीचा हॉर्न वाजवून दाखवत होते.

"मोटर बी येत होती तुले," नीळकंठराव म्हणाले.

"दिवा लावून."

"हाव. दिवा लावून." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता सगळं झालं असन तर मी काय करू?"

"आधी पाय बरा करा," शारदाताई म्हणाल्या. "अन् कूलरले मी हिंमतरावाले हात लावू दिला नाही. तो तुमचा ठेवला आहे."

नीळकंठरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्याचं गवत बदलावं लागन यंदा."

पुढे शारदाताई गाडी शिकल्या. आठवडी बाजार नसेल त्या दिवशी बाजाराचं मैदान रिकामं असतं. तिथे रज्जाकभाई त्यांना घेऊन जात. "भाभी, आता धरायचा बी तुम्हीच अन् टाकायचा बी तुम्हीच," असं रज्जाकभाई गिअरबद्दल म्हणत. शारदाताईंनी एकदा भाजीवाल्यांचा ओटा फोडला. तो विटा लावून नीट करून दिला. त्यानंतर मैदानातल्या बकऱ्या त्यांची पांढरी गाडी दिसली की आपोआप कडेला होत. लायसन्सच्या परीक्षेत त्या पहिल्यांदा नापास झाल्या आणि दुसऱ्यांदा पास.

नीळकंठराव वॉकर धरून उभे राहू लागले तेव्हा पहिली फेरी त्यांनी न्हाणीघराकडे काढली. दिवा न लावता मोटरचं बटण दाबलं. मोटर चालू झाली. बंद केलं. बंद झाली. त्यांनी दोन्ही कॉक फिरवून पाहिले, पाइपवर हात फिरवला, नव्या प्लास्टरवर बोटांनी वाजवलं. मग ते नळापाशी थांबले आणि त्यांनी हाक मारली.

"शारदा, हा नळ वाकडा बसवला त्यानं."

शारदाताईंनी येऊन पाहिलं. "वाकडा आहे. पण बंद होते."

"वाकडा आहे," नीळकंठराव पुन्हा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

उन्हाळा लागला तसा कूलर अंगणात आणला. नीळकंठराव खुर्चीवर बसून त्याला लागले. बाजूच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरलं, टब घासून रंगवला, मोटर उघडून पुसली. नवा कपॅसिटर त्यांनी रज्जाकभाईंना बुलढाण्याहून आणायला सांगितला. पहिल्यांदा लावला तेव्हा पंखा उलटा फिरला आणि घरातली हवा बाहेर फेकू लागला. त्यांनी तो बंद केला आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. एरवी त्यांनी कूलर खिडकीत उलटा बसवून वेळ मारून नेली असती. या खेपेला वायरी बदलून पाहिल्या. मग शारदाताईंना बोलावलं.

"बटण दाब."

शारदाताईंनी जाळीजवळ ठेवलेली काडी उचलली.

"काडी राहू दे," ते म्हणाले. "नुसतं बटण दाब."

शारदाताईंनी बटण दाबलं. पंखा फिरू लागला आणि थंड वारा आत आला. दोघंही थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. शारदाताईंनी काडी फेकून दिली.

मे महिन्यात लोणारहून पुष्पाबाईंचा फोन आला. पुष्पाबाई म्हणजे शारदाताईंची मोठी बहीण. नातवाची मुंज होती. आजवर लोणारला अशा कार्याला शारदाताई एकट्याच बसनं जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत, कारण दोघांनी मिळून घर सोडायचं म्हणजे नळ आले तर काय, हा प्रश्न असे. या वेळी पुष्पाबाईंनी विचारलं, "भाऊजी येतात का?" आणि शारदाताईंनी फोनवर हात ठेवून विचारलं, "येता का?" नीळकंठरावांना लगेच काही कारण सुचलं नाही. म्हणून ते गेले.

चावी सरवरीकडे दिली. गाडी शारदाताईंनी चालवली. राजूर घाट, चिखली, मेहकर असं करत त्या इतक्या सावकाश गेल्या की बस, ऑटो आणि एक ट्रॅक्टरही पुढे गेला. नीळकंठराव शेजारी काठी धरून बसले होते. सुरुवातीला ते प्रत्येक आवाजाला कान देत होते. मेहकरच्या पुढे त्यांना झोप लागली.

मुंज झाली, पाहुणे पांगले. पुष्पाबाईंच्या अंगणात नीळकंठराव खुर्चीवर बसले होते. त्यांनी रज्जाकभाईंना फोन लावला.

"नळ आले होते का?"

"आले ना. सकाळीच."

"मग?"

"मग काय, भरली टाकी. सरवरीनं बटण दाबलं."

"अन् कॉक?"

"भाऊ, कॉकचं काय? उघडला, बंद केला." रज्जाकभाई दुकानात असावेत, मागे पोतं टाकल्याचा आवाज आला. "आणखी काही?"

नीळकंठरावांनी आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

आत शारदाताई पिशवी भरत होत्या. सकाळी लवकर निघायचं त्यांनी ठरवलं होतं. नीळकंठराव काठी टेकत दारात आले.

"उद्याच जाऊन काय करायचं?" ते म्हणाले. "परवा गेलं तरी चालते."

शारदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुष्पाबाईंनीही पाहिलं. मग शारदाताईंनी पिशवीतला साबण बाहेर काढला आणि न्हाणीघरात नेऊन ठेवला.